सरकलेले नेत्रभिंग आणि कृत्रिम भिंगारोपण : यशाच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना

संयोजी ऊतकांच्या विकारांत, विशेषतः मार्फान संलक्षणात, डोळ्यातील नैसर्गिक भिंग जागेवरून सरकते. फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी १८९६ मध्ये पाच वर्षांच्या मुलीच्या लांब, सडपातळ हातापायांचे वर्णन केले. या विकाराचे मूळ फायब्रिलिन-१ प्रथिनाच्या जनुकात आहे, हे १९९१ मध्ये स्पष्ट झाले. भिंगाला तोलून धरणारे तंतू प्रामुख्याने याच प्रथिनाचे असतात. सुमारे ६० टक्के रुग्णांत भिंग सरकते, त्याचे कारण हेच होय. अशा डोळ्यात कृत्रिम भिंग कसे बसवावे, यावर विपुल लेखन झाले आहे. त्या लेखनातील यशाच्या निकषांचा परामर्श येथे घेतला आहे.

प्रचलित पद्धती

मोतीबिंदूच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत कृत्रिम भिंगाला मूळ भिंगाच्या पिशवीचा आधार मिळतो. येथे तो आधारच दुबळा असतो. म्हणून पिशवीत कडे घालून ते श्वेतपटलाला शिवण्याची पद्धत सिओनी यांनी १९९८ मध्ये मांडली. नेदरलँड्सचे जान वर्स्ट यांनी परितारिकेला चिमट्यासारखे धरणारे भिंग घडवले. अमृतसरचे दलजित सिंग यांनी ते भारतात रुजवले. चेन्नईचे अमर अगरवाल यांनी २००८ मध्ये जैविक गोंदाच्या साहाय्याने, तर जपानचे यामाने यांनी २०१७ मध्ये भिंगाच्या पायांची टोके तापवून फुगवून, टाक्यांविना भिंग श्वेतपटलात रोवण्याचे तंत्र प्रसिद्ध केले.

चिकित्सा

या पद्धतींचे मूल्यमापन बहुधा एकाच निकषावर होते : शस्त्रक्रियेनंतर एक-दोन वर्षांत दृष्टी किती सुधारली? हा निकष अपुरा आहे, असे म्हणावे लागते. सुधारणेचा मोठा वाटा सरकलेले भिंग काढल्यामुळेच मिळतो. तेवढ्यावर चष्मा वा कॉन्टॅक्ट लेन्स देऊनही बरीच दृष्टी लाभते. अशा रुग्णांशी तुलना केल्याशिवाय सारे श्रेय रोपणाला देणे तर्कशुद्ध ठरत नाही.

दुसरी बाब कालावधीची. १९७२ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात मार्फान रुग्णांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३२ वर्षे आढळले होते. महारोहिणीवरील शस्त्रक्रियांमुळे पुढे आयुर्मान पुष्कळ वाढले. परिणामी सहा वर्षांच्या मुलात बसवलेल्या भिंगाला आज पाच-सहा दशके टिकावे लागेल. १०-० जाडीचा पॉलिप्रॉपिलीनचा धागा मात्र काही वर्षांनी तुटल्याच्या नोंदी आहेत. परितारिकेवरील भिंगाबाबत पारपटलाच्या अंतःस्तरातील पेशींच्या ऱ्हासाची चिंता राहते. टाक्यांविना तंत्रे ज्या श्वेतपटलावर विसंबतात, तोही याच विकारात पातळ असू शकतो. शिवाय या डोळ्यांत दृष्टिपटल सुटण्याचा धोका मुळातच अधिक असतो.

तिसरी बाब निदानाची. अनेक अभ्यासांत मार्फान, होमोसिस्टिन्युरिया व वाइल-मार्केसानी यांचे रुग्ण एकत्र मोजले जातात. होमोसिस्टिन्युरियात भूल देताना रक्ताच्या गुठळीचा धोका असतो. वाइल-मार्केसानीत लहान, गोलसर भिंगामुळे काचबिंदू उद्भवतो. भिन्न धोक्यांची ही सरासरी शल्यचिकित्सकास दिशा देत नाही.

प्रतिपक्षही बलवान आहे. लहान मुलास कॉन्टॅक्ट लेन्स रोज घालणे सर्व कुटुंबांना साधत नाही, जाड चष्मा मूल टाळते आणि दृष्टी विकसित होण्याचा काळ निघून गेल्यास आळशी डोळ्याचे नुकसान भरून येत नाही. म्हणून रोपणास सरसकट विरोध करणे योग्य नव्हे. आक्षेप आहे तो घाईने काढलेल्या निष्कर्षास.

समारोप

२०१० च्या सुधारित घेंट निकषांत सरकलेले भिंग व महारोहिणीच्या मुळाचा विस्तार ही दोन प्रमुख लक्षणे मानली आहेत. म्हणजेच नेत्रतज्ज्ञ हा पुष्कळदा जीवघेणा विकार प्रथम ओळखणारा वैद्य असतो. तेव्हा अशा शस्त्रक्रियांच्या अहवालात निश्चित निदान, हृदयतपासणी, भिंगाविना ठेवलेल्या डोळ्यांशी तुलना आणि किमान दहा वर्षांचा पाठपुरावा यांची नोंद असावी. मुलाला भिंग द्यावे की नाही, हे ठरवणाऱ्या आईवडिलांना याच माहितीची खरी गरज आहे.