'शेजारी'ची पटकथा आणि धरण फुटल्यानंतरचे

उर्दूत शेजाऱ्याला 'हमसाया' म्हणतात. हमसाया म्हणजे एकाच सावलीत राहणारा. हा शब्द शिकवताना आम्हाला हटकून प्रभातचा 'शेजारी' आठवतो. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेल्या प्रभातने तो १९४१ साली काढला. लेखन विश्राम बेडेकर यांचे, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे. १९४० च्या मार्चमध्ये लाहोरचा ठराव झाला होता. तेव्हा हा विषय घेणे धाडसाचेच होते.

एक हिंदू आणि एक मुसलमान असे दोन जिवलग मित्र दुरावतात, ही कल्पना कुणालाही सुचेल. 'मग'च्या जागी 'म्हणून' आला की कल्पनेचे कथानक होते. इथे ओंकारला धरण बांधायचे आहे. गाव एकजुटीने आड येते, म्हणून तो मित्रांत फूट पाडतो. शेवटी धरण फुटते आणि दोघे त्या पाण्यात एकत्र मरतात. धरण काढले तर गोष्टच उरत नाही. हेच बांधणीचे खरे बळ. पाटगाव धरणाखाली, वेदगंगेकाठी राहणाऱ्या आम्हा गारगोटीकरांना ते चटकन उमगते. 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत तर हिंदू ठाकूर मझहर खानांनी आणि मिर्झा गजानन जागीरदारांनी रंगवला.

तरीही दोन शंका उरतात. सगळे पाप ओंकारच्या माथी मारल्यामुळे शेजारी स्वच्छ सुटतात. पण बाहेरच्याने टाकलेली ठिणगी पेटते ती घरात गवत वाळलेले असते म्हणूनच. ते गवत पटकथा फारसे दाखवत नाही. दुसरी शंका मरणाची. मरताना झालेला मिलाप डोळ्यांत पाणी आणतो, परंतु मेलेल्यांना दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या दारावरून जावे लागत नाही.

आम्ही नववीच्या मुलांना याच विषयावर छोटी पटकथा लिहायला सांगितली. बहुतेकांनी शेवटी कुणाला तरी मारले. बऱ्याचदा मुसलमान पात्रालाच. एका मुलीने मात्र वेगळे लिहिले. भांडण झाले आहे आणि शेजारणीचा डबा घरात राहिला आहे. रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही रीत. पण भरून द्यावा तर माघार घेतल्यासारखे होते. आई दिवसभर त्या डब्याकडे पाहत राहते.

आपल्या नव्या लेखकांनी अशा डब्यापासून सुरुवात करावी. मरून एक झालेले शेजारी आपण पुष्कळ पाहिले. भांडून पुन्हा शेजारी राहिलेल्यांची पटकथा आता लिहिली पाहिजे.