युडेव्हला नावं ठेवताना

लिनक्समध्ये डिस्क, माउस, सिरियल पोर्ट अशी बहुतेक उपकरणं 'डेव्ह' डिरेक्टरीत फाइल म्हणून दिसतात, हे आपल्याला ठाऊक आहे. आज बोलायचंय ते या फाइलींना नावं कोण देतं याबद्दल. आणि ते काम करणाऱ्या युडेव्हलाही थोडी नावं ठेवायची आहेत.

पूर्वी संभाव्य उपकरणांच्या हजारो फाइली आधीच करून ठेवलेल्या असायच्या. पंगतीला दहा माणसं आणि पानं हजार मांडलेली! येता-जाता लावायच्या-काढायच्या यूएसबी उपकरणांपुढे हे टिकणार नव्हतं. रिचर्ड गूच यांचं डेव्हएफएस 2000 साली कर्नलमध्ये आलं: उपकरण असेल तरच फाइल. कल्पना योग्य, पण नावं कर्नलच ठरवणार. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचा आक्षेप नेमका यावर होता. 2003 मध्ये त्यांनी युडेव्ह आणलं. कर्नलने फक्त वर्दी द्यायची, अमुक आलं, अमुक गेलं. नाव, मालकी, परवानग्या बाहेरचा प्रोग्राम नियम वाचून ठरवेल. ही फारकत मला आजही मोलाची वाटते.

मग 2009 मध्ये 2.6.32 कर्नलबरोबर डेव्हटीएमपीएफएस आलं, आणि फाइल तयार करणं पुन्हा कर्नलकडे गेलं. कोणी विचारेल, मग डेव्हएफएसने काय घोडं मारलं होतं? पण हा टोमणा लागू पडत नाही. कर्नल आता साधं, कामचलाऊ नाव देतं. परवानग्या आणि टिकाऊ दुवे युडेव्हकडेच आहेत.

माझी तक्रार वेगळी आहे. एसडीए, एसडीबी ही नावं डिस्क कोणत्या क्रमाने सापडली त्यावर ठरतात. आज एसडीबी म्हणजे पेनड्राइव्ह, मशीन पुन्हा सुरू केल्यावर कदाचित तुमची बॅकअप डिस्क. 'डीडी' चालवताना एक अक्षर चुकलं की संपलं, ती आज्ञा 'नक्की का?' असं विचारत नाही. युडेव्ह बाय-आयडी, बाय-यूयूआयडी असे भरवशाचे दुवे देतं खरं, पण ते आतल्या डिरेक्टरीत, वीतभर लांब नावांनी. समोर हाताशी असतं ते धोक्याचं, छोटं नाव.

आणि बाय-आयडी तरी कितपत भरवशाचं? ते उभं आहे उपकरणाच्या अनुक्रमांकावर. सीएच340 चिपच्या स्वस्त यूएसबी-सिरियल अडॅप्टरांमध्ये बहुतेकदा वेगळा अनुक्रमांक नसतोच. असे दोन एकत्र लावा. दोघांचा दावा एकाच नावावर, आणि दुवा वळतो एकाकडेच. समजा, प्रयोगशाळेत एकावर तापमापक आहे, दुसऱ्यावर पंप. पंपाच्या आज्ञा तापमापकाला जातील आणि पडद्यावर ब्र निघणार नाही. जुळ्यांना एकच अनुक्रमांक देणं हा चिप करणाऱ्यांचा दोष, मान्य. पण एका नावावर दोघांनी हक्क सांगितला हे ज्याला कळतं, त्याने गप्प का राहावं? ही गप्पी मात्र युडेव्हची आहे.

अशा वेळी उरतो बाय-पाथ, म्हणजे 'तू कोण?' न विचारता 'कुठल्या खुर्चीवर बसलास?' एवढंच विचारायचं. कोणी साफसफाई करताना वायर शेजारच्या पोर्टमध्ये खोचली की तेही गेलं. तरी जुळ्या अडॅप्टरांसाठी मी नियम पोर्टनुसारच लिहायला सांगेन, आणि पोर्टवर चिकटपट्टी लावून पेनाने नाव लिहायला.