परवाना कुणाच्या हाती?

औषधी गांजाला मोकळीक द्यावी असे म्हणणाऱ्यांच्या लेखनात एका जुन्या दस्तऐवजाचा हवाला हमखास येतो : इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनचा १८९३-९४ चा अहवाल. ११९३ साक्षीदारांची मते घेऊन या आयोगाने ठरवले की माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, म्हणून सरसकट बंदी नको. एवढेच उचलले की आयोग पुरोगामी ठरतो. मला हे वाचन अर्धवट वाटते.

बंदीऐवजी आयोगाने काय सुचवले, ते फारसे उद्धृत होत नाही. लागवडीला परवाना, मालावर भरपूर कर, दुकानांची मर्यादित संख्या, जवळ बाळगण्याच्या मालाला मर्यादा. कॅलिफोर्नियात १९९६ च्या जनमतानंतर औषधी गांजाची जी दुकाने उभी राहिली, त्यांच्या नियमांचा सांगाडाही बराचसा हाच आहे. वनस्पती मोकळी होत नाही. तिचा दरवाजा बदलतो.

या दरवाजाचा अर्थ पालघरमधून वाचला तर अधिक स्पष्ट होतो. आयोग नेमला गेला त्याच्या आदल्याच वर्षी, १८९२ मध्ये, मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा केला. आजचा पालघर जिल्हा तेव्हा ठाण्यात होता. टंचाईच्या दिवसांत वारल्यांच्या पोटाला आधार देणारे फूल अबकारी खात्याच्या नजरेत दारूचा कच्चा माल ठरले, कारण घरी गाळलेल्या दारूवर महसूल मिळत नसे. गांजाबद्दल उदार वाटणारी आणि मोहाबद्दल कठोर वाटणारी राजवट एकच होती. दोन्हीकडे हिशेब परवान्याचा आणि महसुलाचा होता. मोहफुलांवरचे निर्बंध राज्य सरकारने उठवले ते थेट २०२१ मध्ये.

बंदीवाल्यांनीही इथला इतिहास वाचावा. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतून निघालेली देवीची चळवळ दक्षिण गुजरातेतल्या आदिवासींपर्यंत पोहोचली. डेव्हिड हार्डीमन यांनी तिच्यावर ग्रंथ लिहिला आहे. लोकांनी दारू-ताडी आपणहून सोडली आणि पारशी दारूविक्रेत्यांवर बहिष्कार घातला. तो नशेइतकाच विक्रेत्याच्या मक्तेदारीला नकार होता. कायद्याने लादलेली बंदी आणि लोकांनी घेतलेला निर्णय यांत हा फरक आहे.

आजची चर्चा हा फरक विसरते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसती पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामासाठी लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार कलम १० राज्यांना देते. म्हणजे कायद्याची वाट आधीच आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिले. त्याच महिन्याअखेरीस गोव्यात औषधी लागवडीच्या प्रस्तावावरून वाद पेटला आणि सरकार मागे हटले. त्या वादात राज्याची बदनामी, पर्यटन, तरुण पिढी असे सगळे आले. वेदनेने तळमळणारा रोगी आणि पीक घेणारा शेतकरी यांच्याबद्दल मात्र फारसे कुणी बोलले नाही.

औषधी वापराला माझा विरोध नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ज्याला उतार पडेल, त्याला औषध मिळाले पाहिजे. प्रश्न त्यापुढचा आहे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. उद्या अर्क काढायचा परवाना कारखान्याला मिळेल, हे सांगायला ज्योतिषी नको. पण लागवडीचा परवाना जव्हार-मोखाड्यातल्या एकरभर जमिनीच्या मालकाला परवडेल का? की त्याच्या वाट्याला मजुरी आणि परवान्याबाहेर सापडलेल्या झाडाबद्दल खटला एवढेच येईल?

म्हणून १८९४ च्या अहवालाचा दाखला देणाऱ्यांनी १८९२ चा कायदा शेजारी ठेवावा. पहिला वाचून गांजा किती निरुपद्रवी ते कळेल; दुसरा वाचून परवान्याचा उपद्रव कुणाला झाला ते कळेल. नियमांचा मसुदा कधी समोर आलाच, तर मी आधी शुल्काचा आणि जमिनीच्या अटींचा रकाना पाहीन.