कडवंचीची यशोगाथा कशी वाचायची?

‘लोकसहभागातून शाश्वत अन्नव्यवस्था’ असा विषय घेणार असाल, तर जालना तालुक्यातलं कडवंची तुमच्या वाचनात येणारच. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात 1996 पासून इथे माथा ते पायथा बांधबंदिस्ती झाली. विजयअण्णा बोराडे यांचं मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र गावाच्या पाठीशी उभं होतं. 2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा कडवंचीची द्राक्षं तगली. हे यश खरं आहे, ते आधी मान्य करू.

माझी तक्रार गावाबद्दल नाही. ती यश मोजण्याच्या पद्धतीबद्दल आहे. अशा गोष्टींमध्ये पुरावा म्हणून बहुतेक वेळा एकच आकडा पुढे येतो: कुटुंबाचं सरासरी उत्पन्न. समजा, दहा कुटुंबांचं उत्पन्न प्रत्येकी 50 हजार आहे. त्यातल्या दोघांचं 5 लाखांवर गेलं, बाकीचे आठ होते तिथेच राहिले. सरासरी होते 1 लाख 40 हजार. म्हणजे ‘गावाचं उत्पन्न जवळपास तिप्पट’! गणित बरोबर, पण आठ घरं गायब. म्हणून सरासरी दिसली की मध्यक शोधा, आणि जमीनधारणेनुसार गट पाडून बघा. भूमिहीन घरं नमुन्यात आहेत का, हेही तपासा. चराईबंदी ही पाणलोटाची नेहमीची अट. तिचा भार शेळ्या राखणाऱ्या घरावर किती पडला, हे बागायतदाराला विचारून कळणार नाही.

दुसरा मुद्दा पाण्याचा. शेततळ्याची मूळ कल्पना वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायची. पण प्लास्टिकचं अस्तर टाकलेली बरीच तळी विहिरीतून उपसा करून भरतात. ईश्वर काळे यांनी 2017 मध्ये नेमक्या याच वापरावर टीका केली होती. जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी वर येतं आणि एकाच्या मालकीचं होतं. शिवाय उन्हात उघडं पडतं. 30 बाय 30 मीटरच्या तळ्यातून रोज 5 मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तरी दिवसाला 4,500 लिटर पाणी उडतं. तळ्यांची संख्या यशाच्या रकान्यात लिहिण्याआधी ती कशाने भरली ते विचारा, आणि शेजारच्या विहिरीची पातळीही मोजा.

तिसरा मुद्दा ताटाचा. द्राक्षं गावाबाहेर विकली जातात. ज्वारी, बाजरी, तूर यांचं क्षेत्र किती घटलं? आलेल्या पैशातून घरात डाळ, भाजी, दूध वाढलं का? उत्पन्न वाढलं म्हणजे आहार सुधारला, हे गृहीतक आहे, निष्कर्ष नव्हे. मागच्या 24 तासांत कोणी काय खाल्लं हे विचारा, तेही घरातल्या बाईला वेगळं. आठवडी बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी विचारू नका, उत्तर फुगलेलं येईल.

‘इतकं कोण करतं?’ असं म्हणाल. पण न्याय्य वाटपाचा विचार महाराष्ट्रात नवा नाही. विलासराव साळुंखे यांनी 1970 च्या दशकात पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हता, माणशी अर्ध्या एकराचा होता, आणि भूमिहीनालाही वाटा होता. उसाला मात्र पाणी नव्हतं. कडवंचीने पाणी अडवून दाखवलं. पाणी पंचायतीने त्याआधीच विचारलं होतं, की अडवलेलं पाणी कोणाचं?

तेव्हा कडवंचीला जरूर जा, बागा बघा. फक्त प्रश्नावली छापण्याआधी तिच्यात तीन रकाने वाढवा: कोणाचं पाणी, कोणाचं ताट, आणि ग्रामसभेत कोण बोललं. हे रकाने रिकामे राहिले, तर तुमच्या प्रबंधात ‘न्याय्य’ हा शब्द वापरू नका.