‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ : संज्ञा, नोंद आणि गोपनीयता

बालकांच्या अपराधांच्या नोंदी गुप्त ठेवाव्यात की उघड कराव्यात, हा प्रश्न सामान्यतः विधिज्ञांचा मानला जातो. परंतु नोंद ही अखेर भाषेत केली जाते आणि ती फुटते तीही भाषेतूनच. २०१५ च्या बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियमाने ही गोष्ट स्वतःच मान्य केलेली आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात खाजगीपणाचे आणि नव्या प्रारंभाचे तत्त्व आहे. त्यांच्याच पंक्तीला, बालकासंबंधीच्या कामकाजात दोषारोप करणारे शब्द योजू नयेत, असेही एक तत्त्व बसविले आहे. विधानाच्या मूलतत्त्वांत शब्दार्थविचाराला असे स्थान मिळाले असताना भाषेच्या अभ्यासकाने त्याची चिकित्सा न करणे योग्य होणार नाही.

प्रथम संज्ञेचा विचार करू. १९८६ च्या केंद्रीय अधिनियमात ‘अपचारी किशोर’ या अर्थाची संज्ञा होती. २००० च्या अधिनियमाने ती टाकून ‘कायद्याशी संघर्ष आलेला किशोर’ असा वर्णनात्मक प्रयोग स्वीकारला, आणि २०१५ मध्ये किशोराच्या जागी बालक आला. मराठीत यासाठी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा समास रूढ झाला आहे. यातील ‘ग्रस्त’ हे पद लक्षणीय आहे. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, धरणग्रस्त, भूकंपग्रस्त या शब्दांत ज्याच्यावर आपत्ती कोसळली त्याचा निर्देश असतो; ज्याने आपत्ती ओढवली त्याचा नसतो. अर्थात मराठी संज्ञेने बालकाला कर्त्याच्या स्थानावरून उचलून भोक्त्याच्या स्थानी ठेवले. मूळ इंग्रजी प्रयोगात नसलेली ही करुणा भाषांतरकाराने नकळत घातली असावी. विधानाच्या हेतूशी ती विसंगत नाही.

तथापि शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीने ठरत नाही, वापराने ठरतो. ‘एका विधिसंघर्षग्रस्त बालकास ताब्यात घेतले’ हे वाक्य वृत्तपत्रांत वाचणाऱ्या वाचकाच्या मनात करुणा उत्पन्न होत नाही. तो ‘गुन्हेगार मुलगा पकडला’ असाच अर्थ घेतो. ‘अटक’ टाळून ‘ताब्यात घेणे’ आले, ‘रिमांड होम’ जाऊन ‘निरीक्षणगृह’ आले. पण ‘रिमांड होममधला’ हे विशेषण लोकांच्या तोंडी राहिलेच. भाषाशास्त्रात ज्याला अर्थापकर्ष म्हणतात, तो येथे उघड दिसतो. समाजाची दृष्टी पालटली नाही, तर नव्या शब्दावर जुना डाग चढण्यास फार काळ लागत नाही.

सोलापूरकरांना याचे ऐतिहासिक प्रत्यंतर दूर शोधावे लागत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने माणसाच्या कृत्याची नव्हे, तर जन्माची नोंद ठेवली. अशाच प्रकारच्या नोंदीच्या बळावर सोलापुरातील वसाहतीत कुटुंबेच्या कुटुंबे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. पुढे त्या विधानात मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळांत घालण्याचीही तरतूद झाली. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये आणि देशभर १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु ‘सेटलमेंट’ हा शब्द शहराच्या बोलण्यात टिकला, आणि ‘विमुक्त’ हा गौरवाचा शब्दही पूर्वीच्या बंधनाची आठवण देतच राहिला. नोंदवही नष्ट झाली तरी शब्दाने केलेली नोंद नष्ट होत नाही, हा धडा या शहराला फार पूर्वी मिळालेला आहे.

आता प्रकटीकरणाकडे वळू. अधिनियमाचे ७४ वे कलम बालकाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, तसेच ज्यावरून ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई करते. भंग करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येथील खरी अडचण ‘कोणताही तपशील’ या शब्दांत आहे. कारण कोणता तपशील ओळख पटवतो, हे वाचक कोण आहे त्यावर अवलंबून असते. समजा, ‘जुळे सोलापुरातील अमुक नगरात राहणारा, वडील गिरणीतून निवृत्त, नववीत शिकणारा’ असे कोणी लिहिले. मुंबईच्या वाचकाला त्यातून काहीच कळणार नाही; त्या नगरातील रहिवाशांना मात्र नाव वाचल्यासारखेच होईल. आणि त्या मुलाला उद्या राहावयाचे आहे ते त्या रहिवाशांतच.

मराठी नामपद्धतीमुळे ही अडचण अधिक बिकट होते. आपल्याकडे पूर्ण नावात पित्याचे नाव मध्ये येते. म्हणून पित्याचे नाव आणि आडनाव छापले की मुलाच्या नावाचे दोन तृतीयांश छापून झाले. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार चालविल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता. त्याचे नाव छापण्यास बंदी होती. पण पित्यावरही गुन्हा नोंदला गेल्याने पित्याचे नाव सर्वत्र झळकले. पालकाला उत्तरदायी धरणारा कायदा पित्याला पुढे उभे करतो आणि बालन्यायाचा कायदा मुलाला पडद्याआड ठेवतो; या दोहोंचा मेळ आपल्या विधानांनी अद्याप घातलेला नाही.

याच प्रकरणावरून गोपनीयतेवर गंभीर आक्षेप घेतला गेला, आणि तो टाळून चालणार नाही. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून जामीन देणारा आदेश, पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून झालेल्या अटका, हे सारे उजेडात आले नसते, तर बळींच्या आप्तांना न्यायाची आशा कोणती उरली असती? आक्षेप रास्त आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष निराळा आहे. वरील गोष्टींपैकी एकही कळण्यासाठी मुलाच्या नावाची गरज नव्हती. विधान झाकते ती बालकाची ओळख. मंडळाचा आदेश, पोलिसांचा तपास, वैद्यकांचे वर्तन यांची चिकित्सा ओळख न उघडताही करता येते आणि ती व्हावयास हवी. गोपनीयतेच्या आडून संस्थांचे दोष झाकणे आणि संस्थांच्या दोषांपोटी मुलाचे नाव मागणे, या दोन्ही चुका एकाच गोंधळातून जन्मतात. शिवाय जी सवलत श्रीमंताच्या मुलाला मिळालेली पाहून संताप येतो, तिचा खरा आधार वकील नेमण्याची ऐपत नसलेल्या मुलांनाच अधिक आहे.

शेवटचा मुद्दा नोंदीच्या अंताचा. २४ व्या कलमान्वये दोषसिद्धीची अपात्रता बालकास चिकटत नाही आणि ठराविक मुदतीनंतर नोंदी नष्ट करावयाच्या असतात. सोळा वर्षांवरील बालकाला निर्घृण अपराधात बालन्यायालयाने प्रौढाप्रमाणे दोषी ठरविले असेल, तर मात्र हा लाभ मिळत नाही. पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी अशी नोंद उघड करू नये, असेही ७४ वे कलम सांगते. २०२१ च्या दुरुस्तीने प्रलंबित प्रकरणेही त्यात आली. बालवयातील आरोपाच्या आधारे नोकरी नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. असे असूनही नोकरीच्या अर्जांत ‘आपणांवर कधी गुन्हा दाखल झाला होता काय?’ या धर्तीचा प्रश्न भेटतो. यातील ‘कधी’ हे एक क्रियाविशेषण साऱ्या विधानाला निष्प्रभ करते. त्याला वयाची मर्यादा नाही. जे पोलिसांनी सांगावयाचे नाही, ते उमेदवाराने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावे, अशी त्याची मागणी आहे. खरे लिहिले तर संरक्षण गेले, न लिहिले तर माहिती दडविल्याचा ठपका आला.

यावर उपाय सोपा आहे. प्रश्नाच्या शेवटी ‘बालन्याय अधिनियमाखालील प्रकरणे वगळून’ एवढे शब्द घालावेत. विद्यापीठांनी आपापल्या प्रवेश व नेमणूक अर्जांपासून त्याचा आरंभ करावा. भाषेच्या अभ्यासकाला समाजाची दृष्टी बदलता येईल की नाही, याविषयी शंका घेता येईल; पण एका अर्जातील एका वाक्याची दुरुस्ती सुचविणे त्याच्या आवाक्यात निश्चित आहे, आणि त्या वाक्यावर एखाद्याची उपजीविका अवलंबून असू शकते.