हजेरीपत्रक नेमकं काय मोजतं? रोहयोवरचा एक जुना पेपर वाचताना

रोजगार हमीवर संशोधन करायचं म्हणून जे कच्चे आराखडे माझ्याकडे वाचायला येतात, त्यांत एका अर्थाचं वाक्य हमखास असतं: तालुक्यात कामावरची हजेरी घटली, म्हणजे ग्रामीण बेरोजगारी कमी झाली. आकडा सरकारी असतो, संदर्भ दिलेला असतो, तरी ते वाक्य टिकत नाही. का टिकत नाही हे कळायला मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांचा १९९३ चा पेपर वाचा. ‘इकॉनॉमिक डेव्हलपमेंट अँड कल्चरल चेंज’ या नियतकालिकात तो आला होता. शीर्षकातच प्रश्न आहे: महाराष्ट्राची रोजगार हमी योजना खरंच रोजगाराची हमी देते का?

आधी थोडी पार्श्वभूमी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना १९७२ मध्ये राज्यभर जाहीर झाली आणि लगेच दुष्काळाने सगळं गिळलं. दुष्काळी कामंच सुरू झाली. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. आपल्याकडे गंगाखेडला आजही म्हाताऱ्या माणसांसमोर ‘बहात्तर’ एवढंच म्हणा, मिलोच्या लाल भाकरीपासून सुकडीपर्यंत सगळं बाहेर येतं. मे १९७३ मध्ये राज्यात या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५ कोटींच्या थोडी वर होती, म्हणजे साधारण दहातला एक माणूस, लहान मुलं आणि म्हातारे धरून! ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा जो अभ्यास केला, त्यात एवढी पिकं बुडूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी गेले नाहीत याचं मोठं श्रेय या कामांना आणि त्यातून हातात पडणाऱ्या रोख मजुरीला दिलं आहे. पुढे १९७७ चा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागणं हा हक्क ठरला.

आता पेपरकडे. मे १९८८ मध्ये रोहयोची मजुरी शेतीच्या किमान वेतनाच्या बरोबरीला आणली गेली आणि ती जवळपास दुप्पट झाली. त्यानंतर हजेरी वाढली नाही, घटली. हे विचित्र आहे. मजुरी दुप्पट झाल्यावर कामावर येऊ पाहणारे कमी का होतील? एक उत्तर तयार होतं: १९८७ च्या दुष्काळानंतर १९८८ चा पावसाळा चांगला झाला, शेतात काम होतं, लोकांना गरज उरली नसेल. लेखकांनी हे उत्तर झटकून टाकलं नाही, हे मला आवडलं. राज्याच्या महिनावार हजेरीचे आकडे घेऊन हंगाम, पाऊस वगैरे गोष्टी जमेस धरल्या आणि मग पाहिलं. तरी घट पूर्ण समजत नव्हती. त्यांचा निष्कर्ष असा की मजुरीवाढीनंतर कामाचं रेशनिंग झालं. खर्च आवरायचा म्हणून कामंच कमी काढली गेली. हमी कागदावर राहिली.

यातली युक्ती नीट बघा, कारण ती तुमच्या कामाची आहे. हजेरी हा आकडा दोन गोष्टींपैकी जी लहान असेल ती दाखवतो: किती लोकांना काम हवं होतं, आणि किती काम काढलं गेलं. मी एमएस्सी रसायनशास्त्राची, म्हणून मला स्पेक्ट्रोफोटोमीटर आठवतो. द्रावण फार तीव्र झालं की वाचन एका जागी अडकतं. तेव्हा ‘तीव्रता वाढायची थांबली’ असं कोणी लिहीत नाही, आपण द्रावण पातळ करून पुन्हा वाचन घेतो. बेरोजगारी पातळ करता येत नाही. म्हणून या लेखकांनी मजुरीतल्या अचानक बदलाचा आधार घेतला.

आकडा कोण कुठल्या रकान्यात टाकतं यावरही सगळं फिरतं. अमेरिकेच्या महामंदीत १९३५ नंतर सरकारी मदतकामांवर लाखो लोक होते. स्टॅनली लेबरगॉट यांच्या प्रसिद्ध आकडेवारीत हे लोक बेरोजगार म्हणून मोजले गेले. १९७६ मध्ये मायकेल डार्बी यांनी त्यांना रोजगारात धरलं, तर मंदीची नंतरची वर्षं पुष्कळ कमी भीषण दिसू लागली. माणसं तीच आणि फावडीही तीच होती.

परत १९९३ च्या पेपरकडे येते, कारण माझ्या दोन तक्रारी आहेत.

पहिली, अख्ख्या राज्याची बेरीज. रेशनिंग मुंबईच्या मंत्रालयात ठरत असेल, पण ते घडतं गावात. जुन्या नियमांनुसार काम सुरू करायला किमान ५० मजूर लागायचे, आणि काम जिल्ह्यात कुठेही दिलं तरी हमी पाळली असं धरलं जायचं. बाळाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या छोट्या वस्तीवर वीस बायका काम मागत असतील, तर त्या राज्याच्या बेरजेत दिसतच नाहीत. एका तालुक्यात कामं पडून आणि दुसऱ्यात माणसं बसून, हे चित्र बेरजेत सरळ रेघ होऊन जातं.

दुसरी तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते. अशा पद्धतीत आधीच्या वर्षांतल्या वागणुकीवरून मागणीचा अंदाज बांधला जातो. पण ज्यांनी मागायचंच सोडून दिलं, त्यांचं काय? आपल्या भागातली ऊसतोड घ्या. दिवाळीच्या आसपास माणसं निघतात, पण सौदा त्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच होतो. मुकादम उचल देतो. घरात आजारपण, लग्न, बियाण्याचा खर्च, सगळं त्या उचलीवर भागतं आणि नवरा-बायकोचा कोयता सहा महिन्यांसाठी बांधला जातो. रोहयोत आधी काम, मग मोजमाप, मग मजुरी. मनरेगाच्या कायद्यात मजुरी १५ दिवसांत मिळायला हवी असं लिहिलंय, ती तशी मिळाली तरी ऑगस्टमधल्या उचलीशी तिची बरोबरी होत नाही. म्हणजे जानेवारीत गंगाखेडच्या हजेरीपत्रकावर जे नाव नाही, ते कुठल्यातरी कारखान्याच्या फडात आहे. त्या माणसाला काम नको होतं असं म्हणायचं का? कुठलंही मॉडेल फक्त हजेरीवर चालवलं की हा माणूस ‘मागणी नाही’ यात जमा होतो. आणि मग मागणी नाही म्हणून पुढच्या वर्षी कामं आणखी कमी धरली जातात. त्याला पुन्हा उचल घ्यावीच लागते.

लेखकांच्या हातात राज्याचे मासिक आकडे होते, त्यांतून त्यांनी काढता येईल तेवढं काढलं. आपल्या हातात आज गावनिहाय आकडे आहेत, तेव्हा आपल्याला ती सबब नाही. पण जपून. मनरेगाच्या संकेतस्थळावर ‘काम मागितलं’ आणि ‘काम दिलं’ असे वेगळे रकाने आहेत. ते जवळजवळ सारखे दिसले की हुरळू नका. बऱ्याचदा काम मंजूर झाल्यावरच मागणीची नोंद चढवली जाते, म्हणजे पुन्हा तेच अडकलेलं वाचन. कारण साधं आहे: मागणीनंतर १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेरोजगार भत्ता द्यावा लागतो, पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा आणि नंतर किमान निम्मा. तारीखच पडली नाही तर भत्त्याचा प्रश्नच येत नाही.

म्हणून आराखड्यात हजेरीच्या तक्त्याशेजारी आणखी दोन तक्ते ठेवा. एक, त्या गावातून त्या हंगामात किती कोयते गेले, आणि उचल कुठल्या महिन्यात घेतली. हे कुठल्याही संकेतस्थळावर नाही, दारोदार विचारावं लागेल, आणि तेही पावसाळ्यात, कारण नंतर घरांना कुलपं असतात. दुसरा, किती जणांनी नमुना ४ भरून दिला आणि त्यांतल्या किती जणांकडे तारीख घातलेली पावती आहे. पावती दाखवा म्हणा, तोंडी उत्तरावर थांबू नका.