निहाली : भाषा की गुप्त बोली?

बाळापूरहून शेगावमार्गे उत्तरेला गेलं की सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुका लागतो. तिथल्या काही गावांत जेमतेम दोन-अडीच हजार लोक निहाली बोलतात. या भाषेचं नातं जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी अजून सिद्ध झालेलं नाही.

एफ. बी. जे. कुइपर यांचं १९६२ चं पुस्तक तिच्याबद्दल नेहमी पुढं केलं जातं. शब्दांची छाननी त्यात खरंच भारी आहे : बराच भाग कोरकूचा, थोडा द्राविडी, सुमारे पाव हिस्सा कुठंच न जुळणारा. पण ही एखाद्या टोळीची गुप्त बोली असावी, अशी शक्यताही ते मांडतात. इथं मला अडतं. निहालांना लुटारू म्हणणारे कागद इंग्रजी अमदानीतले. तो भाषेचा पुरावा कसा?

उसनवारी आहेच. दोन, तीन, चारला निहालीत इरार, मोथ, नालो म्हणतात, तिन्ही द्राविडी. पण आपण बाळापूरच्या बाजारात दिवसभर दुकान, किंमत, हिशोब करतो, ते तरी कुठं आपले? गुप्त बोली सहसा शेजारच्या भाषेचं व्याकरण तसंच ठेवून शब्द तेवढे बदलते. निहालीत 'मी'ला 'जो' म्हणतात, आणि के. एस. नागराज यांच्या २०१४ च्या पुस्तकात क्रियापदाचे प्रत्ययही कोरकूहून वेगळे दिसतात.

जनगणनेत दहा हजारांखालच्या भाषा वेगळ्या छापतच नाहीत. म्हणजे सरकारी तक्त्यात निहाली नाही, आणि शोधायला गेलं की आधी ती 'टोळी'च समोर येते.